सहा पायऱ्या, एक फूटपाथ, एक अर्ज: सहावी-सातवीला नागरिकांचे हक्क आणि जबाबदाऱ्या कशा शिकवाव्यात

नागरिकशास्त्राच्या पेपरात सहाही मूलभूत हक्क बिनचूक लिहिणाऱ्या मुलाला एकदा विचारून बघा: शाळेच्या फाटकासमोरचा दिवा दोन महिने बंद आहे, तर सांगायचं कोणाला? उत्तर बहुधा ‘मुख्यमंत्र्यांना’ असं येतं, नाहीतर ‘पोलिसांना’. यात मुलाची चूक नाही. आपण त्याला यादी पाठ करून घेतली, त्या यादीतल्या गोष्टीला उत्तरदायी कोण हे कधी सांगितलंच नाही. दुसरी नेहमीची चूक याहून वाईट: ‘आधी कर्तव्यं पाळा, मग हक्क मागा’ असं शिकवणं. संविधानात अशी अट कुठेही नाही.

खालची आखणी ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांसाठी आहे. वर्ग ४० मुलांचा आणि तासिका ३५ मिनिटांची धरली आहे. चौथ्या पायरीला जोडून दोन तासिका लागतात, म्हणजे एकूण सात. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरुवात करावी. पावसाळ्यात पाहणी नको. खड्डा पाण्याने भरला की खोली मोजता येत नाही आणि उघडं चेंबर दिसत नाही.

## आधीची तयारी (पंधरा दिवस)

क) हद्द पक्की करा. सगळी गडबड इथेच होते. ‘नवी मुंबई’ म्हणजे सगळी नवी मुंबई महानगरपालिका नव्हे. बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा हे आठ विभाग नवी मुंबई महानगरपालिकेचे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहेत. खारघरच्या मुलांनी वाशीच्या नावाने अर्ज लिहिला तर तो कितीही सुंदर असला तरी फुकट. ठाण्यात महापालिकेच्या खाली प्रभाग समित्या आहेत (नौपाडा-कोपरी, उथळसर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा, दिवा वगैरे) आणि त्यांच्या प्रमुखपदी सहाय्यक आयुक्त असतात. नवी मुंबईत त्याच जागी विभाग कार्यालय आणि विभाग अधिकारी.

यावर आणखी थर आहेत. औद्योगिक पट्ट्यातल्या रस्त्यांसाठी एमआयडीसीकडे विचारावं लागू शकतं. महामार्गाला लागून शाळा असेल तर तो रस्ता महापालिकेचा असेलच असं नाही. रस्त्यावरचा दिवा महापालिकेच्या विद्युत विभागाकडे, पण घरातली वीज गेली तर महावितरणकडे, आणि कळवा-मुंब्रा-शीळ भागात टोरंट पॉवरकडे. सोसायटीच्या कुंपणाच्या आतला रस्ता सोसायटीचाच. स्टेशनबाहेरच्या चौकाबद्दल अंदाज बांधू नका; विभाग कार्यालयात जाऊन विचारा.

> तपासा: शाळेच्या शेजारच्या इमारतीचं मालमत्ता कराचं बिल आणि विजेचं बिल यांच्या प्रती मिळवा. वर कोणाचं नाव छापलंय ते पाहा. मोबाईलवरच्या नकाशापेक्षा हा पुरावा भरवशाचा.

ख) रस्ता निवडा. फाटकापासून २०० ते ३०० मीटरचा फूटपाथ पुरे. मोठा रस्ता ओलांडावा लागणार नाही असाच तुकडा घ्यायचा. घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर रोड ओलांडून कुठलाही उपक्रम करायचा नाही. आदल्या दिवशी, त्याच वेळेला, स्वतः चालून या.

ग) कागदपत्रं आणि साहित्य. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांचं संमतीपत्र, दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस. प्रत्येक गटाला १५ मीटरची मोजपट्टी, लहान पट्टी, पॅड, पेन्सिल (पेन नको, खाडाखोड होते) आणि रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा. कॅमेरा फक्त शिक्षकाकडे.

> सावध: या पाठासाठी मुलांकडून आधार कार्ड, रेशन कार्ड, जन्मदाखला किंवा घराचं बिल मागवू नका. वर्गात भाड्याच्या खोलीत राहणारी मुलं असतात, बांधकामावर दर सहा महिन्यांनी जागा बदलणाऱ्या कुटुंबांतली असतात, सोसायटीच्या वॉचमनची नेपाळी मुलंही असतात. ‘कोण नागरिक, कोण नाही’ असा खेळ वर्गात सुरू झाला तर पाठ तिथेच संपला. ६ ते १४ वयाच्या शिक्षणाचा हक्क (कलम २१ अ) सर्व बालकांना आहे. कायद्यापुढची समानता (कलम १४) आणि जीविताचं संरक्षण (कलम २१) प्रत्येक व्यक्तीला. केवळ नागरिकांसाठी असलेले हक्क वेगळे, उदाहरणार्थ कलम १९ मधली स्वातंत्र्यं. हा फरक शिक्षकाला पक्का माहीत हवा.

## पायरी १: बहुमताचा ठराव (एक तासिका)

संविधानाचं पुस्तक आज उघडायचं नाही. फळ्यावर एक ठराव लिहा: ‘वर्ग झाडण्याचं काम वर्षभर शेवटच्या बाकावरच्या तिघांनी करावं.’ खऱ्या मुलांची नावं घेऊ नका, बाक काल्पनिक ठेवा. चिठ्ठ्यांनी गुप्त मतदान घ्या. ठराव बहुधा पास होतो. मुलांना झाडायला आवडत नाही. (नापास झाला तर ‘३१ विरुद्ध ९ ने पास झाला’ असं धरून चाला.)

आता प्रश्न: बहुमत मिळालं, मग हे बरोबर का? इथे दहा मिनिटं शांत राहायचं आणि बोलू द्यायचं. कुणीतरी म्हणतंच की ‘सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणून त्यांच्यावर लादता येतं का?’ हे वाक्य आलं की फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. बहुमतालाही हात लावता येत नाही अशा काही गोष्टी असतात, त्यांना हक्क म्हणतात. व्याख्येची जागा हीच.

नेहमीची चूक: शिक्षक स्वतःच ‘वर्गाचं संविधान’ लिहून आणतात आणि मुलांच्या सह्या घेतात. ती शिस्तीची यादी झाली. पेन्सिली परत द्या, भांडू नका, गोंगाट करू नका. त्यात शिक्षकावर बंधन घालणारा एकही नियम नसतो, यावरून ओळखावं.

> तपासा: तासिकेच्या शेवटी किमान पाच मुलांना ‘बहुमत असूनही चालणार नाही’ असं नवं उदाहरण देता आलं का? नसेल तर पायरी २ ला जाऊ नका, अर्धी तासिका आणखी द्या.

## पायरी २: हक्क, सोय की इच्छा (एक तासिका)

पोस्टकार्डाएवढ्या २४ चिठ्ठ्या करा. आठ गट पाडा, म्हणजे प्रत्येकी पाच मुलं, आणि प्रत्येक गटाला तीन चिठ्ठ्या द्या. काही नमुने: पिण्याचं पाणी, नवा मोबाईल, शाळेत प्रवेश, मत देणं, शाळेत मार न खाणं, खेळायला मैदान, आपल्या भाषेत बोलणं, बसमध्ये खिडकीची जागा, चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला न लावणं, पावसाळी सहल. गटांनी चिठ्ठी ‘हक्क’, ‘सोय’ किंवा ‘इच्छा’ या रकान्यात चिकटवायची आणि कारण सांगायचं.

वाद होणारच, व्हायलाच हवा. पण शिक्षकाने खालच्या गोष्टी आधी नीट करून घ्याव्यात, कारण नेमक्या याच चुकीच्या सांगितल्या जातात:

- मालमत्तेचा हक्क आता मूलभूत हक्क नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून काढला. तो कलम ३०० अ खाली कायदेशीर हक्क आहे. जुन्या गाइडांमुळे ‘सात हक्क’ अजून ऐकू येतात.
- मूलभूत कर्तव्यं अकरा. दहा १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आली, अकरावं २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने. आणि हे अकरावं मुलांचं नव्हेच: ६ ते १४ वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणं हे पालकांचं कर्तव्य आहे. मुलांना हे कळलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.
- मतदान करणं आणि कर भरणं या दोन्ही गोष्टी कलम ५१ अ मधल्या अकरा कर्तव्यांत नाहीत. कर कायद्याने भरावाच लागतो, मतदान अठराव्या वर्षापासून करता येतं, पण ‘मूलभूत कर्तव्यं’ म्हणून ती उत्तरपत्रिकेत लिहू देऊ नका. मतदानाचं वय २१ वरून १८ वर ६१ व्या दुरुस्तीने आलं.
- काही पुस्तकांत ‘५१ अ’ ऐवजी ‘५१क’ छापलेलं असतं. कलम तेच.

‘शाळेत मार न खाणं’ ही चिठ्ठी मुद्दाम ठेवली आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई आहे. वर्गातून ‘मग अमुक सर मारतात ते?’ असा प्रश्न येईलच. ‘तो विषय आत्ता नको’ म्हणालात तर पुढच्या चार पायऱ्यांवर मुलांचा विश्वास बसणार नाही. ‘कायद्याने चालत नाही. कुणाला काही सांगायचं असेल तर तास संपल्यावर मला भेटा’ एवढं सरळ उत्तर द्या.

> सावध: एखादं मूल घरातल्या मारहाणीबद्दल बोलायला लागलं तर वर्गासमोर खोदून विचारू नका. चर्चा दुसरीकडे वळवा, नंतर त्याच्याशी एकट्याने बोला, मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगा. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ फळ्याच्या कोपऱ्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेला असू द्या, म्हणजे त्या क्षणी तो वेगळा उठून दिसत नाही.

## पायरी ३: तीन रकाने (एक तासिका)

सगळ्या आखणीचा कणा हा आहे. फळ्यावर तीन रकाने आखा: हक्क काय? — उत्तरदायी कोण? — माझा वाटा काय?

एक उदाहरण पूर्ण भरून दाखवा. नळाचं पाणी. पहिला रकाना: पिण्यायोग्य पाणी मिळणं; न्यायालयांनी ते जीविताच्या हक्कातच धरलं आहे. दुसरा: महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग. नवी मुंबईकर मुलांना इथे मोरबे धरणाचं नाव सांगा. स्वतःच्या मालकीचं धरण असलेली ही महापालिका आहे, आणि वर्गातला नळ खालापूरजवळच्या त्या धरणाशी जोडून दाखवला की ‘उत्तरदायी’ हा शब्द हवेत राहत नाही. तिसरा: नळ बंद करणं, गळती दिसली तर सांगणं.

आता खडू खाली ठेवा आणि तिसरा रकाना पुसा. विचारा: एका मुलाने नळ सुरू ठेवला. त्याचं पाणी तोडायचं का? बरीच मुलं ‘हो’ म्हणतात. त्यांना ओरडू नका. ‘त्याच्या घरच्या तान्ह्या बाळाचंही?’ एवढंच विचारा. दंड होऊ शकतो, समज देता येते, पण तिसरा रकाना रिकामा राहिला म्हणून पहिला पुसला जात नाही. उलटही खरं: महापालिकेने दुसरा रकाना पाळला नाही म्हणून मुलाला कचरा खिडकीतून टाकायची मुभा मिळत नाही.

मग प्रत्येक गटाने एक विषय स्वतः भरायचा: ओला-सुका कचरा, बसथांबा (ठाण्यात टीएमटी, नवी मुंबईत एनएमएमटी), खाडीकाठ, मैदान, रात्रीचा लाऊडस्पीकर. दुसऱ्या रकान्यात ‘सरकार’ असं लिहिलं तर परत द्या. कोणतं सरकार, कोणता विभाग?

इथेच मुलं विचारतात की आपला नगरसेवक कोण. बहुसदस्यीय प्रभाग पद्धतीत एका प्रभागाचे एकाहून जास्त नगरसेवक असतात. त्यामुळे एकच नाव सांगून मोकळे होऊ नका. महापालिकेच्या संकेतस्थळावरून सगळी नावं काढून ठेवा, आणि पक्षांबद्दल शेरेबाजी टाळा.

## पायरी ४: फूटपाथची पाहणी (जोडून दोन तासिका)

प्रत्येक पाच जणांच्या गटात कामं आधी वाटून द्या: दोघं मोजणारे, एक लिहिणारा, एक नकाशावर खूण करणारा, एक ‘थांबा’ म्हणणारा. हा पाचवा गाड्यांवर लक्ष ठेवतो आणि त्याच्या शब्दाला सगळे थांबतात. हे काम गटातल्या सर्वांत धडपड्या मुलाला द्यावं. आठही गट एकदम रस्त्यावर काढू नका. चार गट बाहेर, चार वर्गात आपला नकाशा पक्का करतात, मग अदलाबदल.

नोंद कशी हवी ते आधी वर्गात दाखवा. ‘फूटपाथ खूप खराब आहे’ ही नोंद बाद. ‘फाटकाच्या उजव्या खांबापासून ३१ मीटरवर चेंबरचं झाकण तुटलंय, उघडा भाग ४० सेंमी बाय २२ सेंमी’ ही नोंद चालेल. मोजायच्या गोष्टी चारच ठेवा:

1. चालायला मोकळी असलेली सगळ्यात अरुंद जागा. कुंडी, खांब, स्कूटर, टपरी वजा करून. व्हीलचेअर जायला साधारण ९० सेंमी तरी लागतात. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे.
2. निखळलेले पेव्हर ब्लॉक, उघडी चेंबरं: अंतर, लांबी, रुंदी.
3. दिव्याचे खांब आणि त्यांच्यावर रंगवलेला क्रमांक. दिवसा दिवा चालू की बंद कळत नाही; संध्याकाळी शिक्षकाने एकदा बघून यायचं.
4. शाळा भरायच्या वेळी अर्धा तास मोजणी: किती जण फूटपाथवरून गेले, त्यातले किती रस्त्यावर उतरले. ही मोजणी फाटकाच्या आतून करावी. कार्यालयात वजन पडतं ते याच आकड्याला.

> सावध: माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर फोटोत नकोत. मोजपट्टी उघड्या चेंबरच्या वर धरायची, आत कुणी हात घालायचा नाही.

फूटपाथवरच्या स्कूटरींपैकी दोन-चार पालकांच्याच निघतात. नोंद तीही करायची, नाव न घालता.

## पायरी ५: एकाच जागेवर दोन हक्क (एक तासिका)

पाहणीनंतर मुलांचा पहिला निष्कर्ष ठरलेला: ‘फेरीवाल्यांना हटवा.’ हा निष्कर्ष तसाच अर्जात गेला तर मुलं नागरिकत्व नव्हे, तक्रारखोरी शिकली. भूमिका वाटा: भाजी विकणाऱ्या मावशी, काठी घेऊन चालणारे आजोबा, व्हीलचेअरवरची मुलगी, मागचा दुकानदार, महापालिकेचा अधिकारी. प्रत्येकाला दोन मिनिटं, कोणी मधे बोलायचं नाही. मावशींची भूमिका वर्गातल्या हुशार वक्त्याला द्यावी, नाहीतर ती बाजू नेहमी पडते.

शिक्षकाने मधे दोनच गोष्टी घालायच्या. व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य कलम १९ मध्ये आहे, त्यावर वाजवी बंधनंही आहेत. आणि २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती आणि फेरीवाल्यांसाठी ठरावीक जागा ही कामं महापालिकेच्या गळ्यात आहेत. म्हणजे मुलांनी मागायचं ते ‘हटवा’ असं नसून ‘चालायला १.८ मीटर मोकळे ठेवून जागा आखून द्या’ असं असू शकतं. दोन्ही बाजूंना पटेल असं एक वाक्य गटाने लिहून दाखवलं की तासिका जमली. नाही जमलं तर अर्जासाठी साधा विषय घ्या, तुटलेलं झाकण किंवा दिवा. पहिल्या वर्षी तेच बरं.

## पायरी ६: अर्ज (एक तासिका, नंतर कार्यालयाची एक फेरी)

एका अर्जात एकच विषय. तीन विषय असतील तर अर्ज तीन विभागांत फिरतो आणि कुठेच थांबत नाही. नमुना असा:

> प्रति,
> मा. विभाग अधिकारी, (विभागाचे नाव),
> नवी मुंबई महानगरपालिका.
>
> विषय: शाळेजवळील फूटपाथवरील चेंबरचे तुटलेले झाकण बदलण्याबाबत.
>
> महोदय/महोदया,
> आमच्या शाळेच्या मुख्य फाटकापासून उजवीकडे ३१ मीटरवर फूटपाथवरील चेंबरचे झाकण तुटले आहे. उघडा भाग ४० सें.मी. × २२ सें.मी. आहे. दि. … रोजी सकाळी अर्ध्या तासात तेथून २१४ जण गेले; त्यांपैकी ५७ जण रस्त्यावर उतरून गेले. झाकण बदलून मिळावे व तोपर्यंत तेथे अडथळा लावावा, ही विनंती. केलेल्या कार्यवाहीबाबत शाळेस कळवावे.
> सोबत: नकाशा १, छायाचित्रे २.
> इयत्ता सातवी ‘अ’ चे विद्यार्थी, मुख्याध्यापकांमार्फत.

आकडे अर्थात तुमचे तुम्ही घालायचे. ठाण्यात ‘मा. सहाय्यक आयुक्त, … प्रभाग समिती, ठाणे महानगरपालिका’. मुलांची नावं आणि घरचे पत्ते लिहू नका. शाळेचा जावक क्रमांक घाला.

दोन प्रती घेऊन जा. एक बारनिशीत (आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंद ठेवणाऱ्या टेबलावर) द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ‘ठेवून जा, साहेबांना देतो’ असं म्हटलं तरी शिक्क्याशिवाय निघायचं नाही. सगळ्या अर्जांचा जीव या एका शिक्क्यात असतो. दोन विद्यार्थी प्रतिनिधी सोबत असतील तर फार उत्तम. त्यांनी शिक्का मारताना पाहिलेला असतो, ते वर्गाला सांगतात.

टाळायच्या चुका: एकाच अर्जाच्या प्रती आयुक्त, आमदार, मुख्यमंत्री अशा पाच जणांना पाठवणं, ‘त्वरित कठोर कारवाई करावी’ अशी पोलादी भाषा, पोस्टर घेऊन फेरी काढणं आणि अर्ज विसरणं. शेवटची चूक सर्वांत लोकप्रिय, कारण फेरीचे फोटो छान येतात.

## पाठपुरावा

वर्गाच्या भिंतीवर कागद लावा: अर्जाची तारीख, आवक क्रमांक, पुढे रिकाम्या ओळी. १५ व्या दिवशी शिक्षकाने फोन किंवा फेरी, आणि जे उत्तर मिळालं ते शब्दशः कागदावर. ३० व्या दिवशी आवक क्रमांक घालून स्मरणपत्र. तरीही काही नाही, तर शिक्षकाने किंवा पालकाने स्वतःच्या नावाने माहिती अधिकारात अर्जाची सद्यस्थिती विचारावी: १० रुपये शुल्क, एकच विषय, राज्याच्या नियमांप्रमाणे १५० शब्दांत, उत्तराची मुदत ३० दिवस.

काम होईलच असं वचन मुलांना पहिल्या दिवशीही देऊ नका. ‘उत्तर नाही’ हीसुद्धा कागदावर तारखेसह लिहायची नोंद आहे. काम झालं तर दोन ओळींचं पत्र पाठवा, त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून.

## मूल्यमापन

हक्कांची नावं लिहायला सांगू नका, ती सगळ्यांना येतात. तीन प्रश्न पुरतात: घराजवळची एक अडचण घेऊन तीन रकाने भर, बहुमत असूनही चालणार नाही असा एक ठराव लिही आणि कारण दे, हा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेलाय, कशावरून ओळखलंस? तिसऱ्यासाठी खारघरचा पत्ता आणि वाशीचं विभाग कार्यालय असा एक अर्ज तयार करून द्या. ‘खारघर पनवेल महापालिकेत येतं’ एवढं लिहिणाऱ्याला अर्धे गुण, ‘कराच्या बिलावर बघितलं’ असं लिहिणाऱ्याला पूर्ण.

भिंतीवरचा कागद, शिक्क्याची प्रत आणि नकाशा वर्षअखेरीस एका फाइलमध्ये घालून पुढच्या सातवीच्या वर्गशिक्षकांकडे सोपवा. झाकण तोवर बसलं नसेल तर त्यांची पायरी ४ तिथूनच सुरू होते, त्याच ३१ मीटरवर.